तिसऱ्या कॉर्नेटची जागा

ऑल्डरक्लफ, यॉर्कशायर
४ जून १९६६

प्रिय वॉल्ट,

काल व्हिट फ्रायडे झाला, ब्रास बँडांच्या गावोगावच्या स्पर्धांचा आपला वर्षातला दिवस. तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. आपला बँड गावोगाव वाजवून आला आणि एकाही गावात बक्षीस मिळालं नाही. वरच्या गावात पाऊस, खालच्या गावात चिखल आणि बसमध्ये सगळ्यांच्या कपड्यांना कांद्याच्या पाईचा वास. म्हणजे नेहमीसारखा छान दिवस.

तू गिटार घेऊन पळालास तेव्हा बाबा आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. बँड चालवणाऱ्याचाच मुलगा बँड सोडून गेला, चारचौघांत काय सांगणार. मग एके दिवशी जेवताना त्यांनी तुझं ते आखूड पितळी कॉर्नेट माझ्या ताटाशेजारी ठेवलं. म्हणाले, "नोरीन, तू न्हाणीघरात चोरून फुंकतेस ते मला खाली ऐकू येतं." गिरणीतल्या बायकांनी नाकं मुरडली, मुलगी कशी बँडमध्ये म्हणून. बाबा म्हणाले, परीक्षक पडदे ओढून कॅरव्हानमध्ये बसलेला असतो, बाहेर कुठलं गाव वाजवतंय तेही त्याला सांगत नाहीत, तो काय माझ्या पोरीचा झगा बघणार आहे? त्यांना तो पडद्यामागचा माणूस का आवडतो ते काल मला कळलं. जगात तोच एकटा फक्त ऐकतो.

तर तुझ्या जागी आता मी आहे. त्यामुळे तुला घालायच्या शिव्यांपैकी निम्म्या मी परत घेतल्या. तिसरी, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराची, कॉर्नेटं दोन असतात, माझ्याशेजारी म्हातारे मिस्टर बटरवर्थ उभे राहतात. ते थकले की ती जागा तुझी. एकदा तरी व्हिट फ्रायडेला माझ्याशेजारी उभा राहून वाजव. शब्द दे.

तुझी,
नोरीन

•

बर्मिंगहॅम, व्हॅनच्या मागच्या सीटवरून
१९ जुलै १९६६

प्रिय नोरीन,

आमची नोरीन आणि बँडमध्ये. मी व्हॅनमध्ये इतका ओरडलो की आमचा ड्रमर झोपेतून उठून माझ्या अंगावर धावला.

आमच्या चौघांच्या बँडचं नाव ठरलं, टिन कर्टन्स. माझंही नाव बदललं. मॅनेजर म्हणाला, वॉल्टर हेप्टन म्हणजे गळकी तोटी दुरुस्त करायला आलेला माणूस वाटतो. आता मी ऑर्लँडो स्लेट. हसू नकोस. मी गातो, उड्या मारतो आणि पोरी किंचाळतात, त्यामुळे मी काय गातो ते कुणालाच ऐकू येत नाही. माझ्या दृष्टीने ते सोयीचंच आहे.

बाबांना सांग, मी जेवतो वेळेवर. ते खोटं आहे, पण सांग. आणि शब्द दिला. पुढच्या व्हिट फ्रायडेला मी तुझ्याशेजारी.

तुझा,
वॉल्ट (ऑ. स्लेट)

•

डेट्रॉइट, मे १९६७ (पोस्टकार्ड)

नोरीन, यंदा नाही जमत गं. इथे आमची रेकॉर्ड दुकानांत पुरत नाहीये. पुढच्या वर्षी नक्की. कार्डावरची इमारत बघ, आपल्या चर्चसारखी वीस चर्च एकावर एक ठेवली तरी पुरणार नाहीत. — वॉ.

•

ऑल्डरक्लफ
९ जून १९७४

प्रिय वॉल्ट,

अमेरिका झाली, जपान झालं, मोडलेला पाय झाला, पहिलं लग्न झालं. यंदा म्हणे रेकॉर्डिंग. दर व्हिट फ्रायडेला तू माझ्या तोंडाला पानं पुसतोस आणि मी दर वर्षी वाट बघते. आम्ही दोघंही सुधारणार नाही.

शनिवारी तुला टीव्हीवर पाहिलं. चंदेरी बूट घालून तू पियानोवर चढलास. आमचा नवरोबा केनेथ म्हणाला, पियानो कुणाचा असेल बिचाऱ्याचा. बाबा खुर्चीत पुढे सरकून डोळे मिटून बसले होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "आवाज देवाने दिलाय. पण श्वास चुकीच्या जागी घेतो, ओळ पुरी व्हायच्या आत. लोकांना कळत नाही, ते बूट बघतायत." मग म्हणाले, "त्याला किती वेळा सांगितलं होतं, कॉर्नेट फुंकायचं नसतं, त्यातून गायचं असतं. गाताना तरी आठवायला हवं."

मी तुझी बाजू घेतली नाही, कारण त्यांचं खरं होतं. पण वॉल्ट, ते तुझ्यावर रागावलेले नाहीत. रागावलेले असते तर डोळे मिटून कशाला ऐकलं असतं?

त्यांचा खोकला वाढलाय. ये जमलं तर.

तुझी,
नोरीन

•

स्कॉटलंड, एका बेटावरून
३० मे १९८३

प्रिय नोरीन,

टिन कर्टन्स मोडला हे पेपरात वाचलं असशील. भांडण कशावरून, तर ड्रमरने माझा चहाचा कप फोडला. बाकीची कारणं दहा वर्षं जुनी होती, पण कपही माझा आवडता होता.

मग एकट्याने रेकॉर्ड काढली, ती आपटली. सिनेमात समुद्री चाचा झालो. पहिल्या दहा मिनिटांतच मला मारतात, आणि समीक्षकांच्या मते सिनेमातला तो भाग सर्वांत चांगला आहे. आता इथे शेळ्या पाळल्यात. चीज करतो. काल एका शेळीने रेकॉर्ड खपल्याबद्दल मिळालेल्या माझ्या सोनेरी तबकडीची चौकट खाल्ली.

मी व्हिट फ्रायडेला का येत नाही ते आज खरं सांगतो. बाबांना मातीत ठेवलं त्या दिवशी मी आलो होतो, आठवतंय? फोटोवाले चर्चच्या भिंतीवर चढले. त्यांचं सोड, ते परके. पण कबरीपाशी मी उभा असताना आपल्याच गावची माणसं सही घ्यायला रांगेत आली. आपल्या म्हाताऱ्या बटरवर्थच्या सुनेने, मिसेस बटरवर्थने, प्रार्थनेचा कागद पुढे केला, मागच्या कोऱ्या बाजूला सही कर म्हणाली. मी केली. त्यानंतर माझं मनच होत नाही. मी आलो की बँडकडे कोण बघणार? तुमचा वर्षाचा दिवस माझ्यामुळे नासेल.

तेवढा एक पडद्यामागचा माणूस सोडला तर तिथे मला नाव न बघता नुसतं ऐकणारं कुणी उरलेलं नाही.

चीज पाठवतोय. वासाला घाबरू नकोस.

तुझा,
वॉल्ट

•

ऑल्डरक्लफ
१५ जून २००३

प्रिय सर वॉल्टर,

हो, म्हणणारच. राणीसमोर गुडघा टेकून 'सर' झालास तो फोटो केनेथने स्वयंपाकघरात लावलाय, बटाटे सोलताना माझं लक्ष राहावं म्हणून.

तुझं एक काही धड नाही रे. शेळ्या विकल्यास, दीपस्तंभावरच्या बायकांचं संगीत नाटक लिहिलंस, ते लंडनमध्ये वर्षानुवर्षं चाललं. मग मुलांची गाणी. मग टीव्हीवर बागकाम, गुलाब छाटताना बोट कापून घेतलंस. आता पुन्हा मैदानं भरून गातोस म्हणे, त्या ड्रमरबरोबरच. कप आणून दिला का त्याने?

मी शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाले. बँडमध्ये मात्र अजून तिसरं कॉर्नेट, तिथून मला कुणी हलवू शकत नाही. मिस्टर बटरवर्थच्या जागी आता फिलिपा म्हणून एक मुलगी आहे. चांगली वाजवते. तुला सांगून ठेवते, तुझी जागा गेली. मी काय जन्मभर धरून ठेवणार होते?

यंदा एका गावात तिसरं बक्षीस मिळालं. चांदीची बशी आहे, तिच्यात मी केक ठेवते.

तुझी,
नोरीन

•

लंडन
२७ डिसेंबर २०१८

प्रिय नोरीन,

यंदा ख्रिसमसला फोन जमला नाही, माफ कर. घरात पाहुणे आणि नुसता गोंधळ. दौरा रद्द झाल्याचं पेपरात आलंय, काळजी करू नकोस, थकवा आहे. सत्तरीत उड्या मारल्यावर थकवा येणारच. केनेथशिवायचा हा पहिला ख्रिसमस तुला कसा गेला? लवकरच सविस्तर लिहितो.

तुझा,
वॉल्ट

•

ऑल्डरक्लफ
३ जानेवारी २०१९

वॉल्ट,

शेंड्या कुणाला लावतोस?

दर ख्रिसमसला तुझा फोन येतो आणि तू हॅलो न म्हणता भजनाचं एक कडवं गातोस. जपानमधून गायलास. बेटावरच्या पोस्टातून गायलास, तेव्हा मागे शेळी ओरडत होती. दुसरा घटस्फोट झाला त्या आठवड्यातसुद्धा गायलास, रडत रडत, पण सुरात. यंदा मी फोनपाशी बसून राहिले आणि बटाटे करपून कोळसा झाले.

पाहुणे नव्हते. आवाजाला काय झालंय?

नोरीन

•

लंडन
११ फेब्रुवारी २०१९

प्रिय नोरीन,

पत्र लिहायला महिना लागला. चारदा फाडलं.

घशात गाठ होती. काढली. जिवावरचं टळलं, त्याची काळजी नको. पण गाण्याचा आवाज गेला तो गेला. बोलतो ते गंजलेल्या बिजागरीसारखं ऐकू येतं. गाणं परत येणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं आणि मग त्याच रडायला लागल्या. त्यांच्या आईकडे आमच्या सगळ्या रेकॉर्ड होत्या म्हणे. शेवटी मीच त्यांना पाणी दिलं.

मॅनेजर आणि डॉक्टर सोडून हे कुणाला ठाऊक नाही. कळलं की दारासमोर मेणबत्त्या घेऊन लोक उभे राहतील. तेवढं मला नको.

मित्र म्हणतात, संगीत काय फक्त गळ्यात असतं? गाणी लिही, पियानो वाजव. परवा मी एकासमोर पियानोवर मुद्दाम भिकार काहीतरी वाजवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, तू थोर आहेस. नोरीन, मी चमच्याने टेबल बडवलं तरी ही माणसं वा म्हणतील. मग मला कसं कळणार की माझ्यात अजून काही उरलंय, की सगळं त्या आवाजाबरोबर गेलं? हेच घेऊन रोज सकाळी उठतो. खरं सांगणारे बाबा होते. ते नाहीत.

तुला सांगितलं, बरं वाटलं.

तुझा,
वॉल्ट

•

ऑल्डरक्लफ
१५ फेब्रुवारी २०१९

माझ्या वॉल्ट,

पत्र वाचून मी आधी पोटभर रडले. मग केटली ठेवली, चहा घेतला आणि विचार केला.

खरं सांगणारा एक माणूस अजून आहे, तो जूनमध्ये कॅरव्हानमध्ये पडदे ओढून बसेल. त्याला नाव कुणी सांगत नाही, सर वगैरे कळत नाही, बूट दिसत नाहीत.

फिलिपा नोकरीसाठी लीड्सला गेली. तिसऱ्या कॉर्नेटला मी एकटी आहे आणि मला आता एका श्वासात पूर्वीइतकं ओढवत नाही. उपकार म्हणून बोलावत नाहीये, माणूस हवाय. आधी डॉक्टरीणबाईंना विचार, फुंकलेलं चालेल का. हो म्हणाल्या तर मेच्या पहिल्या आठवड्यात ये. मंगळवार-गुरुवार तालीम, एक जरी चुकवलीस तर उभा राहायचा नाहीस, राणीने सांगितलं तरी. आणि तिसरंच कॉर्नेट. पहिल्या ओळीची स्वप्नं बघायची नाहीत. तिसऱ्या कॉर्नेटचं काम सगळ्यांच्या खाली राहून वाजवायचं, हे तुला कधी जमलंय का, तेही बघू.

बँडमधल्या माणसांना सांगावं लागेल. त्यांची जीभ मी धरून ठेवते. गावाला सांगू की केनेथचा हल शहरातला चुलतभाऊ आलाय, त्याचा घसा बसलाय. दाढी वाढव.

नोरीन

•

लंडन
२ एप्रिल २०१९

प्रिय नोरीन,

डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. कपाटातून कॉर्नेट काढलं, पहिल्या दिवशी त्यातून बदक मरताना ओरडावं तसा आवाज आला. शेजारच्याने विचारलं, नवीन अल्बम का?

मैदानात ऐंशी हजार माणसांसमोर मी कधी घाबरलो नाही. आता त्या कॅरव्हानचा विचार आला की कॉर्नेट पुन्हा कपाटात ठेवतो. त्याने वाईट म्हटलं तर ते खरं असेल, मग मला दुसरीकडे कुठे विचारायला जाता येणार नाही.

आणि गावात कुणी ओळखलं, एकाने जरी फोटोसाठी फोन वर धरला, तर मी तिथल्या तिथे कॉर्नेट खाली ठेवून निघून जाईन. तसं वचन दे.

दाढी वाढवतोय. मी आजोबांसारखा दिसतो.

तुझा,
वॉल्ट

•

लंडन
१६ जून २०१९

प्रिय नोरीन,

काल सकाळी तुला न उठवता निघालो, कारण निरोप घेताना मी रडलो असतो आणि तू टोमणे मारले असतेस.

सहा आठवडे तुझ्या मागच्या खोलीत, तुझी कांद्याची पाई आणि लाल कोबीचं लोणचं, तालमीला उशीर झाला म्हणून टिंपनीचे नगारे बडवणाऱ्या पोरीची बोलणी. खूप सुखात होतो. शुक्रवारी बसमधून एका गावातून दुसऱ्या गावात जाताना तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून घोरत होतीस. मी हललो नाही, हात मेला तरी.

कुणी ओळखलं नाही. तुझी युक्ती चालली. खाटकाने मला "हलला पाऊस कसा आहे" विचारलं, पोस्टातल्या बाईने तर माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाटलं होतं, विसरले गेलो तर वाईट वाटेल. नाही वाटलं. हलकं वाटलं.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. बाहेरच्या गावांत टाळ्या पडल्या. आणि आपल्याच गावात, चर्चच्या रस्त्यावरून वाजवत आलो तेव्हा दोन्ही बाजूंना एवढी गर्दी असून एकानेही टाळी वाजवली नाही. आपल्या बँडसाठी, आपल्याच गावात. मान वर करून कुणी पाहिलं नाही. कॅरव्हानसमोर वाजवून झालं तरी तेच. इतकं वाईट वाजवलं का? मी तुझ्याशेजारी बिघडवलं का? मला खरं ते सांग. परीक्षकाचा शेरा मंगळवारी बँडच्या क्लबात वाचतात ना, तोही जसा असेल तसा लिहून पाठव. मऊ करू नकोस.

तुझा,
वॉल्ट

•

ऑल्डरक्लफ
१९ जून २०१९

माझ्या वेड्या वॉल्ट,

हे मी तुला कधीच सांगणार नव्हते. पण तू झोप घालवून बसलायस, आता सांगणं भाग आहे.

तू मेमध्ये स्टेशनवर उतरलास ना, त्याच संध्याकाळी गावाला कळलं होतं. दाढी काय झाकणार? तुझं नाक थेट बाबांचं आहे आणि बाबांना या गावात कोण ओळखत नव्हतं? बँडमधून कुणी बोललं नाही, शपथेवर सांगते. खाटकाने तुला पाठमोरा बघितला आणि बायकोला म्हणाला, "हर्बर्ट हेप्टनचा वॉल्ट आलाय, दुखण्यातून उठल्यासारखा दिसतोय."

दुसऱ्या दिवशी मिसेस बटरवर्थ काठी टेकत माझ्या दारात. ब्याण्णव वर्षांची आहे. म्हणाली, "हर्बर्टला ठेवलं त्या दिवशी आम्ही पोराला धड रडू दिलं नाही. तो प्रार्थनेचा कागद मी जाळला, नोरीन, सहीसकट. या वेळी त्याच्याकडे कुणी बघणार नाही." आणि ती घरोघर गेली. तिची नात पेपरात कामाला आहे, ती शुक्रवारी मुद्दाम मँचेस्टरहून आली आणि आपला फोन काढून आजीच्या पिशवीत टाकला. सगळं गाव तुझ्याशी हलच्या पावसाबद्दल बोलत होतं ते पाठ केल्यासारखं. तेवढंच त्यांनी ठरवलं होतं.

आता टाळ्यांचं. बघायचं नाही असं ठरलं होतं. पण न बघता टाळ्या कशा वाजवायच्या, हे कुणी ठरवलंच नाही. टाळी वाजवली की मान वर होते, मान वर झाली की तू दिसतोस, आणि तू दिसलास की मिसेस बटरवर्थची काठी. म्हणून सगळी माणसं आपापल्या बुटांकडे बघत उभी राहिली, हात खिशात घालून. आपल्यामागून डेन्मार्कचा बँड येत होता. त्यांना वाटलं गावात कुणी मोठं माणूस गेलंय, त्यांनी टोप्या काढल्या आणि न वाजवता हळूहळू चालत आले. काल क्लबात हे सांगताना हसून हसून पुरेवाट झाली. खाटकाचे डोळे मात्र पुसून पुसून लाल झाले होते, आणि तो कांदा विकत नाही.

तेव्हा विसरलेले वगैरे नाहीत तुला. चांगलेच लक्षात आहेस.

गावात न ओळखणारा एकच माणूस होता, तो पडद्यामागे. त्याचा शेरा उतरवून देते. आमचा क्रमांक नववा. सुरुवात घाईची. ट्रॉम्बोन बेसूर, ते आम्हाला माहीतच आहे. आणि खाली शेवटची ओळ, बँडमास्तरांनी वाचली आणि थांबले, मग पुन्हा वाचली: "तिसऱ्या कॉर्नेटमध्ये कुणीतरी गातंय. फार सुंदर गातंय, श्वास अगदी ओळ संपल्यावर घेतो. त्याला सांगा, जरा हळू आवाजात."

तिसरी कॉर्नेटं दोन होती, वॉल्ट. त्यांतलं एक मी, आणि त्रेपन्न वर्षांत माझ्याबद्दल असं कुणी लिहिलेलं नाही.

क्लबात मागून कुणीतरी म्हणालं, "आपला वॉल्ट तो." आणि शुक्रवारी राहिलेल्या टाळ्या त्यांनी तिथे वाजवल्या. मी खुर्चीवर बसून तुझ्या वाट्याच्या ऐकून घेतल्या.

तुझी,
नोरीन

•

लंडन
२१ जून २०१९

प्रिय नोरीन,

बाबांना सांग, श्वास जमला.

आणि बँडमास्तरांना सांग, पुढच्या वर्षी हळू गाईन.

वॉल्ट